दारांतच अडलेलें भूत

भुताखेतांच्या गोष्टींस आमचा विरोध नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों. ज्या घरांत आजीच्या तोंडून वेताळाची, मुंज्याची किंवा हडळीची एकहि गोष्ट कधीं ऐकूं आली नाहीं, त्या घरांतील मुलांच्या बालपणांत कांहीं तरी उणें राहिलें, असेंच आम्ही समजतों. माणसास भिण्याची हौस असते, आणि पांघरूण नाकापर्यंत ओढून घेऊन ती पुरवून घेण्यांत गैर कांहीं नाहीं. तेव्हां आजच्या लेखाचा रोख भुतांवर नसून, भुतांस महिनोन् महिने उंबरठ्यावर ताटकळत ठेवणाऱ्या दूरचित्रवाणीवरील मालिकांवर आहे, हें ध्यानांत घेऊन वाचकांनीं पुढें वाचावें.

आमच्या डोळ्यांपुढें उदाहरण आहे तें ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचें. झी मराठी वाहिनीवर तिचें पहिलें पर्व फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०१६ या काळांत झालें, दुसरें जानेवारी २०१९ पासून ऑगस्ट २०२० पर्यंत चाललें, आणि तिसरें मार्च २०२१ मध्यें सुरू होऊन पुढील वर्षीं संपलें. नांव घेतलें तें १९७६ सालच्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या बोलपटांतील गाण्याचें. चित्रण सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, सावंतवाडीजवळच्या आकेरी गांवांतील एका खऱ्याखुऱ्या घरांत झालें, आणि पुढें तें घर पाहावयास प्रवासी लोकांची रीघ लागली. पात्रांच्या तोंडीं मालवणी बोली होती, आणि ती केवळ चेष्टेपुरती नव्हती. १९८० सालीं ‘वस्त्रहरण’ नाटकानें मालवणीस रंगभूमीवर मानाचा पाट दिला. पण तेथें तिचें काम मुख्यतः हसविण्याचें होतें. या मालिकेनें त्याच बोलींतून लोभ, भाऊबंदकी, रडणें आणि भीति हीं सारीं बोलून दाखविलीं. एवढें श्रेय दिल्यावांचून पुढील तक्रार करणें अन्यायाचें झालें असतें.

कथेचा प्रारंभहि उत्तम होता. घरचे कर्ते पुरुष अण्णा नाईक निवर्ततात. मुंबईकडील व गांवाकडील मुलें, सुना, नातवंडें त्यांच्या दिवसकार्यासाठीं एका छपराखालीं जमतात. वांटणीचा विषय निघतो. आणि घरांत विलक्षण प्रकार घडूं लागतात. ज्यानें आप्तस्वकीयांनीं भरलेल्या घरांत असे तेरा दिवस काढले आहेत त्यास सांगावयास नको कीं, त्या दिवसांत भुताची वास्तविक गरजच नसते. सातबाराचा उतारा पुरेसा असतो. मुंबईची सून नीलिमा ही प्रत्येक गोष्टीचें कारण विचारणारी, आणि घरचीं इतर माणसें गाऱ्हाण्यांवर व देवस्कीवर विसंबणारीं. हें सारें करतो तो कोण, भूत कीं माणूस, असा प्रश्न अगदीं आरंभींच उभा राहिला. तो पुढें आठ महिने उभाच राहिला.

कसा उभा राहिला, हें पाहण्यासारखें आहे. पुढील वर्णन एखाद्या विशिष्ट भागाचें नव्हे. या जातीच्या कोणत्याहि मालिकेस लागू पडेल असा तो नमुना समजावा. अर्ध्या तासाचा भाग. जाहिराती वजा जातां त्यांतून वीस-बावीस मिनिटें उरतात. पहिलीं दोन कालच्या रात्रीचें स्मरण देण्यांत जातात. मग परसांत किंकाळी. ती ऐकून जो तो दचकतो, आणि जो तो दचकला हें दाखविण्यासाठीं कॅमेरा प्रत्येकाच्या तोंडासमोर क्रमानें जाऊन उभा राहतो: थोरला मुलगा, त्याची बायको, विधवा बहीण, मधला, धाकटा, चाकर. कुटुंब एकत्र असल्यामुळें हें काम लवकर आटपत नाहीं. आभाळ निरभ्र असलें तरी गडगडाट होतो. कोणी एक जण कंदील घेऊन पडवीपर्यंत जातो, थबकतो, मागें वळून पाहतो, जाहिराती लागतात. जाहिराती संपल्यावर तोच मनुष्य पुनः माजघरांतून निघतो. कडीस हात लागतो न लागतो तोंच पुढील भागाची झलक सुरू होते. दुसऱ्या रात्रीं किंकाळीपासून सर्व पुनः प्रथमपासून. दार उघडतें तें तिसऱ्या रात्रीं, आणि आंत मांजर असतें.

नाईकांच्या घरीं पांडू नांवाचा चाकर आहे. सांगितलेलें काम आणि ऐकलेला निरोप तो जागच्या जागीं विसरतो. ही भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर हेच मालिकेच्या लेखकांपैकीं होते. लेखकानें विसरण्याचा वांटा स्वतःकडे घेतला आणि सारें कांहीं रोज नव्यानें आठवण्याचा वांटा प्रेक्षकांच्या पदरीं टाकला. ही वांटणी आम्हांस नाईकांच्या इस्टेटीच्या वांटणीइतकीच विषम वाटते!

तथापि याचें खापर एकट्या लेखकावर फोडणें बरें नव्हे. रोजच्या मालिकेची चूल एक दिवसहि विझूं देतां येत नाहीं. नवें स्थळ, नवें पात्र, नवा प्रसंग म्हणजे नवा खर्च; कंदील घेऊन पडवीपर्यंत जाणें मात्र फुकट पडतें. शिवाय २०१५ पासून ‘बार्क’ या संस्थेकडून प्रेक्षकसंख्येचे आंकडे आठवड्याच्या आठवड्यास येऊं लागले. ज्याची परीक्षा दर आठवड्यास होते तो शेवटाची चिंता करीत नाहीं, येत्या आठवड्याची करतो. गोष्ट लोकांस आवडली नाहीं तर ती घाईनें गुंडाळावी लागते, आणि आवडली तर संपवितां येत नाहीं. म्हणजे शेवट नाकारला जातो तो नेमका चांगल्या गोष्टीस.

या पुनरुक्तीची आणखी एक बाजू आहे, आणि ती आम्हांस समजली पिंपळे गुरव येथें. पवनेकांठचें हें जुनें गांव आतां पिंपरी-चिंचवड शहरांतील दाट वस्तीचा भाग झालें आहे. भोसरी, पिंपरी, चाकण येथील कारखान्यांत जाणारीं माणसें कोंकण, मराठवाडा, खानदेश, सातारा अशा सर्व बाजूंनीं येऊन येथें स्थायिक झालीं आहेत. कारखान्यांच्या शिफ्टी बहुतेक ठिकाणीं आठवड्या-आठवड्यानें फिरतात. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यांत माणूस पहांटे उठावयाचें म्हणून साडेनऊसच आडवा होतो. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यांत, मालिका लागते त्या साडेदहाच्या सुमारास तो यंत्रापुढें उभा असतो, आणि कंपनीची बस त्यास चौकांत सोडते तेव्हां घरांत निजानीज झालेली असते. तिसऱ्या शिफ्टला निघण्यापूर्वीं डबा भरला जाईपर्यंत जें काय दिसेल तें त्याचें. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ, जन्मानें कुडाळकडचे व नोकरीनें चाकणचे, आम्हांस म्हणाले, “अहो, पंधरा दिवसांनीं पाहिली तरी कांहीं एक बुडालेलें नसतें. आमच्यासारख्यांस हें सोयीचेंच आहे.”

त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. रोजची मालिका ही रोज पाहावयाची वस्तु आहे, हा आपला समज चुकीचा आहे. कोणीं केव्हांहि येऊन बसावें अशी ती पंगत आहे, आणि उशिरां येणाऱ्यासाठीं वरणभात पुनः पुनः फिरवावाच लागतो. जे वेळेवर येऊन बसले त्यांनीं पानावर थोडें थांबलें पाहिजे.

पण नेमकें येथेंच आमचें मन अडतें. तीन आठवड्यांतून एकदां पंगतीस येणाऱ्या या माणसाच्या पानांत काय पडतें? किंकाळी पडते. खिडकींतली सावली, झाडाखालचें गाऱ्हाणें, कोणाच्या तरी अंगांत येणें, हें पडतें. कारण तें शेकडों वेळां वाढलें जातें. उलगडा मात्र एकदांच व्हावयाचा, आणि तोहि अगदीं अखेरच्या दिवसांत. त्या आठवड्यांत त्या गृहस्थांची दुसरी शिफ्ट असली तर? भीतीची मात्रा रोज आणि उत्ताराची एकदां, हें प्रमाण कथेच्या संथपणामुळें आपोआप ठरतें. त्यासाठीं कोणाचा दुष्ट हेतु असावा लागत नाहीं. अडीच तासांच्या बोलपटांत भूत दोन तास खरें ठरलें तरी घरीं परततांना उलगडा ताजा असतो. आठ महिन्यांच्या मालिकेंत मनांत मुरतें तें पहिलेंच.

२०१६ सालीं हा भेद क्षुल्लक नव्हता. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यांत २० ऑगस्ट २०१३ रोजीं हत्या झाली होती. जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रांत त्याच वर्षीं झाला होता. अशा वेळीं मालिका सुरू होतांच सिंधुदुर्गांतून तिच्यावर आक्षेप निघाले. कोंकणी माणूस म्हणजे करणी-देवस्कींत आकंठ बुडालेला, असें चित्र साऱ्या महाराष्ट्रापुढें जात आहे, हा त्यांतला मुख्य मुद्दा. त्यावर ‘शेवटपर्यंत थांबा, मग बोला’ असें उत्तर देतां येण्याजोगें आहे. आणि कलेच्या दृष्टीनें तें रास्तहि ठरेल. परंतु ज्याच्या गांवाविषयीं रोज रात्रीं कांहीं तरी बोललें जातें, त्यास आठ महिने गप्प बसा म्हणणें हें कांहीं उत्तर नव्हे. मालिकेचा शेवट काय झाला, तो आम्ही येथें सांगत नाहीं. ज्यांनीं पाहिला नसेल त्यांचा रस कां घालवावा? इतकेंच म्हणतों कीं, तो कितीहि सयुक्तिक मानला तरी एवढ्या रात्रींचें देणें एका रात्रींत फिटण्यासारखें नव्हतें. तिसऱ्या पर्वांत तर प्रश्नच शिल्लक ठेवला नाहीं. अण्णा आणि शेवंता हीं तेथें उघडपणें भुतें होऊनच वाड्यांत वावरूं लागलीं.

हें दुखणें आपल्याकडचेंच आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. अमेरिकेंत एबीसी वाहिनीवर ‘डार्क शॅडोज’, म्हणजे काळोख्या सावल्या, या नांवाची मालिका जून १९६६ पासून एप्रिल १९७१ पर्यंत चालली. तिचे १,२२५ भाग झाले. समुद्रकांठचा जुना वाडा, श्रीमंत परंतु कुलरहस्यांनीं पोखरलेलें कुटुंब, आणि तेथें मुलास शिकविण्यासाठीं आलेली एक अनाथ तरुणी, असा तिचा थाट होता. ती लागे दुपारीं. तिच्यासाठीं शाळा सुटतांच मुलें धांवत घरीं येत असत. तिच्या आरंभींच्या कांहीं महिन्यांत खुनाच्या जागेजवळ सांपडलेल्या एका फाउंटन-पेनाचें प्रकरण आहे. तें पेन कोणाचें, तें तेथें कसें पडलें, एवढ्यावर कित्येक आठवडे काढले आहेत. पेन सांपडतें, नाहींसें होतें, पुरलें जातें, आणि त्याविषयीं प्रत्येक जण प्रत्येकाशीं एकदां तरी बोलतो. पुढें प्रेक्षक घटूं लागले, तेव्हां एप्रिल १९६७ मध्यें साखळदंडांनीं बांधलेली एक शवपेटी उघडून बार्नाबस कॉलिन्स नांवाचा रक्तपिपासु पिशाच बाहेर काढावा लागला, आणि त्यानें मालिका तारली. तरी जुनी खोड गेली नाहीं. कोणी तरी त्याच्या गुपितापर्यंत पोंचावें, दाराशीं जावें, आणि भाग संपावा!

मग नोव्हेंबर १९६७ मध्यें त्या मालिकेनें एक धाडस केलें. मृतात्म्यांस आवाहन करण्याच्या बैठकींतून ती शिक्षिका एकाएकीं नाहींशी होते, आणि त्याच वाड्यांत, पण १७९५ सालीं, जाऊन पडते. बार्नाबस पिशाच कां व कसा झाला, हें मुळापासून दाखविण्यांत पुढचे सुमारें चार महिने गेले. त्याचें काय होणार, हें प्रेक्षकांस आधींच ठाऊक होतें. असें असून, किंबहुना असें होतें म्हणूनच, कथा सरळ चालूं लागली. कारण झांकून ठेवण्यासारखें फारसें कांहीं उरलें नव्हतें, आणि जें उरलें होतें तें माणसांच्या स्वभावांत होतें.

पन्नासांवर वर्षांनीं आकेरीच्या वाड्यांत नेमकें हेंच घडावें, ही आम्हांस मोठी मौजेची गोष्ट वाटते. दुसऱ्या पर्वांत मालिका मागें गेली. पहिल्या पर्वाच्या आरंभीं जे निवर्तले होते ते अण्णा नाईक आतां जिवंत होऊन, पान चघळीत, आपल्यापुढें बसले. माधव अभ्यंकर यांनीं ती भूमिका केली. शेवंता झाल्या अपूर्वा नेमळेकर, आणि नवऱ्याचें सारें मुकाट्यानें सोसणाऱ्या माई झाल्या शकुंतला नरे. येथेंहि मालिका संथच होती. अण्णा नुसते खुर्चींत बसून एखाद्याकडे पाहत राहत, आणि त्यांत मिनिट निघून जाई. पण तें मिनिट कोणास सलत नसे. हा मनुष्य मरणार आहे, हें घर फुटणार आहे, माईंची सहनशीलता कोणाच्याहि उपयोगी पडणार नाहीं, हें आपणांस माहीत आणि त्यांस माहीत नाहीं. तेथें किंकाळीची जरुरी पडत नाहीं. स्वयंपाकघरांत भांडें पडलें तरी पुरतें. दुसरें पर्वहि शेवटीं शेवटीं ताणलें गेलें, हें खरें. जमीन बळकावणें आणि कांटा काढणें यांचीं आवर्तनें कांहीं काळानें पाठ होतात.

पिंपळे गुरव येथील महानगरपालिकेच्या नाट्यगृहास निळू फुले यांचें नांव आहे, तें येथें सहज आठवलें. अण्णा नाईक हे त्याच परंपरेंतले खलपुरुष. पण निळूभाऊंच्या पाटलास किंवा पुढाऱ्यास अडीच तासांत गांव लुबाडून, आया-बहिणींचे तळतळाट घेऊन, फळ भोगून मोकळें व्हावें लागे. अण्णांस तशी निकड नव्हती.

संथ गतीचा आपल्या लोकांस मुळांत कंटाळा आहे, असें म्हणावयास आम्ही तयार नाहीं. त्याच कोंकणांत दशावतारी खेळ रात्रीं सुरू होऊन पहांटेपर्यंत चालतो. राक्षस डरकाळ्या फोडीत येतो, आपली थोरवी सांगतो, पुनः सांगतो, आणि लोक चटईवर मांडी घालून ऐकतात. कीर्तनांत बोवा द्रौपदीस भरसभेंत उभी करतात आणि मध्येंच अभंग घेऊन अर्धा तास तिला तशीच उभी ठेवतात. श्रोत्यांपैकीं एकहि उठून जात नाहीं. राक्षस मरणार आणि कृष्ण येणार हें ठरलेलें असतें, म्हणून त्यांचा उशीर गोड लागतो. रहस्यकथेस ही सवलत नाहीं. ती प्रत्येक रात्रीं श्रोत्याकडून उसनें घेते आणि उद्यां देईन म्हणते.

आमच्या भयकथाकारांनीं हें उसनें फार दिवस ठेवलें नव्हतें. नारायण धारप असोत कीं रत्नाकर मतकरी असोत, त्यांची चांगली कथा दहा-पंधरा पानांत आपलें देणें चुकतें करते, आणि मग वाचकाची झोंप घालविते ती फुकट. मतकरींच्या कथांवरून पूर्वीं ‘गहिरे पाणी’ ही मालिका झाली. तींत एक गोष्ट पुरी होऊन दुसरी लागे. दूरदर्शनच्या काळांत तेरा भागांच्या मालिका असत, त्यांतहि पाल्हाळ नसे असें नाहीं. पण तेरावा भाग येणार, हें लेखकास व प्रेक्षकास दोघांसहि ठाऊक असे. तसाच आंकडा आजच्या वाहिन्यांनीं पहिल्याच रात्रीं जाहीर करावा. शंभर म्हणा, दोनशें म्हणा. आमची हरकत संख्येस नाहीं. शंभराव्या रात्रीं उत्तर मिळणार हें कळलें तर आमचे चाकणचे मित्र त्या आठवड्यापुरती शिफ्ट बदलून घेऊं शकतील.

दरम्यान त्यांच्या घरीं निराळीच व्यवस्था लागली आहे. जुनीं पर्वें आतां वाहिनीच्या ॲपवर मिळतात, तेव्हां रविवारीं दुपारीं जेवणें झाल्यावर सर्व मंडळी पहिलें पर्व मुळापासून पाहतात. यंत्र नातवाच्या हातीं असतें. किंकाळी झाली कीं तो बोट लावून पुढें ढकलतो, आणि एक भाग सात-आठ मिनिटांत उरकतो. गृहस्थांच्या मातोश्रींस हें पसंत नाहीं. त्यांचें वय ऐंशीच्या घरांत. कुडाळ सोडून त्यांस बरींच वर्षें झालीं. भुतांत त्यांस यत्किंचितहि गोडी नाहीं. शेणानें सारवलेलें खळें दिसलें, चुलीपाशीं दोघी जावा मालवणींत कुजबुजूं लागल्या, कीं त्या नातवाचा हात धरतात आणि म्हणतात, “रव रे, जरा बोलांदेत त्यांका.”